सतरा पायऱ्यांचा नाना

किसननाना जाऊन वर्ष होत आलं. परवा त्याची पोरगी सुनंदा घरी येऊन गेली. म्हणाली, "काका, नानांच्या वर्षश्राद्धाला छोटी पुस्तिका काढतोय. तुम्ही त्यांच्याबरोबर सगळ्यात जास्त दिवस काम केलंत. चार चांगले शब्द लिहून द्या." मी म्हटलं, बाई, माझी शाळा सातवीत सुटली. तर म्हणाली, बोलता तसं लिहा.

म्हणून बोलतो तसं लिहितोय. नानाला चार चांगले शब्द लागू आहेत, ते आधी लिहितो. पुढचं छापायचं का नाही ते तिनं ठरवावं.

आम्ही दोघं विमानतळावर शिडी ढकलायला होतो. आता हे समजावून सांगावं लागतं. आता काचेचा बोगदा पुढं सरकत येतो आणि विमानाच्या दाराला चिकटतो. माणूस फोनवर बोलत बोलत आत जातो, जमीन कधी सुटली त्याला कळत पण नाही. आमच्या वेळी विमानं थोडी. प्रवासी दारातून बाहेर यायचे आणि जमिनीवर मारलेल्या पिवळ्या पट्ट्यावरून, सहलीला निघालेल्या शाळेसारखे, रांगेनं विमानापर्यंत चालत जायचे. उन्हात डोक्यावर वर्तमानपत्र, पावसात आमच्या मोठ्या छत्र्या. आणि विमानाला शिडी लावायची ती आम्ही, चौघांनी हातानं ढकलत नेऊन.

शिडी लागली की पहिला माणूस वर जायचा तो नाना. वरच्या फळीवर उभा राहून दोनदा उड्या मारायचा. खाली प्रवासी ताटकळलेले, हवाईसुंदरी दारात हसतेय, आणि हा गडी धाड धाड उड्या मारतोय. पायलटनं एकदा डोकं बाहेर काढून विचारलं, काय चाललंय. नाना म्हणाला, "साहेब, तुमचं इमान तुम्ही तपासता, माझं मी तपासतो."

मग खांद्यावरचा पंचा ओला करून तो शिडीचा कठडा पुसत खाली यायचा. एप्रिलमध्ये ते लोखंड हाताला चटका द्यायचं. हे काम त्याला कोणी सांगितलं नव्हतं. शेवटी विमानाच्या उंबऱ्याला हात लावून कपाळाला लावायचा. पण उंबरा त्यानं कधी ओलांडला नाही. आतली बाई म्हणायची, "या ना काका, पाणी घ्या," तर हा बाहेरच उभा राहून पाणी प्यायचा. म्हणायचा, "आपली हद्द हितवर. पुढं त्यांची."

विमान सुटलं की नाना हात वर करून उभा राहायचा. विमान वळेपर्यंत हात खाली नाही. मी म्हणायचो, "नाना, पायलट काय जावई लागतो तुझा?" तो म्हणायचा, "जावई तर तुमी हाय दाजी, म्हणून तर तुमाला कोण हात करत न्हाय."

दाजी म्हणायचा कारण माझी बायको मालन लोणी काळभोरची आणि नाना पण तिथलाच, एकाच आळीतला. पहिल्या दिवशी मी सासुरवाडीचं नाव सांगितलं आणि त्यानं तिथल्या तिथं नातं लावून टाकलं. भाऊबीजेला तो आमच्याकडे यायचा. मालन त्याला ओवाळायची. तिला सख्खा भाऊ नव्हता.

आता खुर्चीचं सांगतो. ज्यांना शिडी चढता येत नाही, अशा म्हाताऱ्या, आजारी माणसांना आम्ही खुर्चीत बसवून वर न्यायचो. अरुंद खुर्ची, पट्टे, पुढं-मागं मुठी. एक माणूस वर, एक खाली. वरचा उलटा चालतो, पाठ विमानाकडे. त्याला पायरी दिसत नाही. खालच्याला दिसते, म्हणून मोजायचं खालच्यानं. खाली कायम नाना, वर कायम मी. उतरवायला दुसरी जोडी असायची. मला त्यानं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "वरच्यानं मागं वळून बघायचं न्हाय. बघितलं की खुर्ची हलती, बसलेला भितो. मी हाय ना मोजायला."

आमच्या शिडीला सतरा पायऱ्या होत्या. नाना मोठ्यानं मोजायचा आणि शेवटी म्हणायचा, "सतरा. टेकवा." मी पाय सरळ मागे न्यायचो, तिथं सपाट फळी असायची. किती वर्षं, किती माणसं. मी एकदाही मागे बघितलं नाही.

रिकाम्या हातानं मात्र नाना कधी पायऱ्या मोजायचा नाही. म्हणायचा, "मोकळं असताना पाय मोजत्यात. वजन आलं की मग तोंडानं मोजायचं."

एकदा एका साखर कारखान्याचे चेअरमन आले. पाय प्लास्टरमध्ये आणि अंग असं, की खुर्चीचे पट्टे पुरेनात. नवव्या पायरीवर नाना थांबला. चेअरमन म्हणाले, "काय झालं हो?"

"कायनाय साहेब, जरा दम घ्या म्हटलं."

"मी कशाला दम घेऊ? मी तर बसलोय."

"मग सोडा साहेब. तेवढंच हलकं हुईल."

चेअरमन इतके हसले की खुर्ची हलायला लागली. वर पोचल्यावर त्यांनी नानाचा हात हातात घेतला. असा होता नाना. चार चांगले शब्द म्हणजे हेच.

पुढं दिवस बदलले. खाजगी कंपन्यांची विमानं आली, रंगीबेरंगी. काळ्या बॅगा लटकवलेली कॉम्प्युटरवाली पोरं आली. त्यांना सकाळी बंगलोरला जाऊन संध्याकाळी परत यायचं असायचं, जसं आपण मंडईत जाऊन येतो. गर्दी वाढली तसा नियम आला, की कोणी चालायचं नाही, बसनंच जायचं. विमान कधीकधी दारासमोरच उभं असायचं. बसमध्ये सगळ्यांना कोंबायचं, बस एक वळसा घालायची आणि दाराच्या समोरच येऊन थांबायची. पेठेतले एक काका उतरता उतरता म्हणाले, "अहो, चालत गेलो असतो तर डिझेल वाचलं असतं आणि माझं आयुष्यही."

नाना म्हणाला, "आयुष्य कसं वाचलं असतं काका?"

"कमी खर्च झालं असतं हो. सत्तरीनंतर मिनिटं मोजतो आम्ही."

शिडी, बस, सगळं एका नव्या कंपनीकडे गेलं. साहेब तरुण, गळ्यात टाय. तेव्हाच माझी पाठ दुखायला लागली. सकाळी उठताना भिंत धरावी लागायची. ऑफिसात कळलं तर घरी बसवतील म्हणून मी कोणाला सांगितलं नाही. डॉक्टर सोडला तर फक्त दोघांना सांगितलं. मालनला आणि नानाला.

आणि नवी शिडी आली. चकचकीत, मोटारीवर चालणारी. नानानं तिच्यावर पण उड्या मारून बघितल्या. पण पायऱ्या मोजल्या नाहीत. मोकळाच होता ना.

त्या आठवड्यात सदाशिव पेठेतल्या एक आजी आल्या. बारीक चणीच्या, नऊवारी, पायात मोजे. मुलाकडे अमेरिकेला निघालेल्या, दिल्लीवरून. गुडघे गेलेले, म्हणून खुर्ची. आम्ही उचललं तशा म्हणाल्या, "अहो, मला चढवताय की वरात काढताय?"

नाना म्हणाला, "वरातच म्हणा आजी. नवरदेव अमेरिकेत हाय का?"

"मुलगा आहे. नवरदेव केव्हाच सुटले." असं म्हणून त्यांनी डोळे मिटले आणि स्तोत्र म्हणायला लागल्या.

नाना मोजत होता. पंधरा, सोळा. "सतरा. टेकवा."

मी पाय सरळ मागे नेला. टाच आडव्या लोखंडावर आदळली. मी मागच्या मागे बसलो आणि मुठी हातातून सुटल्या. खुर्ची कलंडली. नानानं खालून सावरायला बघितलं, पण आजी कठड्यावर आपटल्या. खुब्याचं हाड मोडलं. नव्या शिडीला अठरा पायऱ्या होत्या.

दुसऱ्या दिवशी पत्र्याच्या केबिनमध्ये साहेबानं दोघांना उभं केलं. मला काळजी नव्हती. चूक कोणाची ती नाना सांगेल, मी म्हणेन साहेब माणसाकडून होतं, नव्या शिडीचं कोणी सांगितलं नव्हतं, आणि दोघं मिळून बोलणी खाऊ, असं मी धरून चाललो होतो.

साहेबानं विचारलं, "मोजत कोण होतं?"

"मी," नाना म्हणाला.

"किती मोजल्या?"

नाना भिंतीवरच्या पंख्याकडे बघत होता. "अठरा. पण अठरा म्हणायच्या आत हे मागं सरले साहेब. त्यांची पाठ दुखती. घाई झाली असंल."

साहेब माझ्याकडे वळला. "पाठ दुखते तुमची?"

आता नाही कसं म्हणणार? मी म्हटलं, "दुखते, पण ह्यानं सतरा म्हटलं." साहेबानं वहीत लिहिलं. मी म्हटलं ते लिहिलं का नाही, मला दिसलं नाही. कंपनीनं आजींना दवाखान्यात जाऊन विचारलं, तर त्या म्हणाल्या, माझे डोळे मिटलेले होते, मी स्तोत्र म्हणत होते, मला काही ठाऊक नाही. माझी नोकरी गेली.

बाहेर आल्यावर मी नानाचा दंड धरला. "नाना, तू सतरा म्हणालास."

"अठरा म्हणत हुतो दाजी. तुमी दुखण्यात हुता, तुमाला कसं कळंल?" आणि ते त्यानं इतक्या शांतपणे, इतक्या मायेनं म्हटलं, की मी दंड सोडला.

ह्या माणसानं कधी खोटा आकडा सांगितला नव्हता. मग मला वाटायला लागलं, माझंच चुकलं असेल. पाठ तर त्या दिवशी दुखत होतीच. घरी मी भिंतीपासून उलटा चालून बघायचो, मनात मोजत. सोळा, सतरा. मी घाई केली का? मालन स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघायची. म्हणायची, "चहा घ्या."

दोन महिन्यांनी मी आजींच्या घरी गेलो. त्या चौकोनी आधार धरून चालत होत्या. मला ओळखलं. म्हणाल्या, "बसा. खुर्ची पक्की आहे, मी स्वतः बसून बघितलीय." मी खाली बसलो आणि त्यांच्या पायावर डोकं ठेवलं. म्हटलं, "आजी, माझी चूक झाली, मी घाई केली." त्या म्हणाल्या, "नातवाची मुंज बघायची होती. असो. तुम्ही कबूल तरी केलंत. हल्ली तेवढंही कोणी करत नाही." त्यांचं अमेरिकेला जाणं काही झालं नाही. पुढं कळलं, त्या गेल्या. मी पाडलं असंच समजून गेल्या. माझ्याच तोंडानं मी त्यांना तसं सांगून आलो होतो.

मला खराडीला एका कॉम्प्युटर कंपनीच्या गेटवर रखवालदारी मिळाली. बसून काम. पाठ हळूहळू बरी झाली. लोहगावात, वाघोलीत कुठं लग्नाला गेलो की मागून ऐकू यायचं, हाच तो, म्हातारीला पाडणारा. नाना तिथंच राहिला. पुढं अशी गाडी आली, की माणूस खुर्चीसकट तिच्या खोलीत बसवायचा, बटण दाबलं की अख्खी खोली उचलून विमानाच्या दाराशी. माणसाचा हात लागायची गरजच नाही. त्या गाडीवर नाना मुकादम झाला. मी ती गाडी फक्त कुंपणाच्या जाळीतून बघितली. नाना वर उभा होता, आणि बटण दाबताना पण त्याचे ओठ हलत होते.

भाऊबीजेला यायचं त्यानं सोडलं नाही. मालन ओवाळायची, मी समोर बसायचो. कधी विषय निघाला तर तो माझ्या गुडघ्यावर हात ठेवायचा. "जाऊ द्या दाजी. हुतंय माणसाकडनं." मला बरं वाटायचं. खरंच सांगतो, मला त्याचे उपकार वाटायचे.

मग मालन आजारी पडली. पोटात पाणी, पाय असे सुजलेले की जमिनीवर टेकवत नव्हते. आम्ही वाघोलीला तिसऱ्या मजल्यावर राहतो. बिल्डरनं लिफ्टची जागा ठेवलीय, लिफ्ट ठेवली नाही. एक दिवस सकाळी तिला दवाखान्यात न्यायचं ठरलं, तर ॲम्ब्युलन्सवाल्यांचं स्ट्रेचर जिन्यात वळेना. ते म्हणाले, चादरीत घालून नेऊ. मालन नको म्हणाली. इतक्यात दारात नाना उभा. खांद्यावर आमची जुनी खुर्ची. भंगारात निघाली तेव्हा त्यानं घरी नेऊन ठेवली होती. मालननंच फोन करून त्याला बोलावलं होतं, मला न सांगता.

नानानं पंच्यानं मुठी पुसल्या. पट्टे बांधले. "चला दाजी. उतरायचं हाय, आता मोजायचं तुमी."

खरंच होतं. उतरताना खालचा उलटा चालतो. नाना खाली, पाठ जिन्याकडे, त्याला पायरी दिसत नव्हती. मी वर. आयुष्यात पहिल्यांदा मी मोजत होतो आणि तो माझ्या आकड्यावर पाय टाकत होता. आमच्या जिन्याला दर वळणापर्यंत नऊ पायऱ्या. एक, दोन, करत नऊ. मग वळण. परत नऊ. फक्त सगळ्यात खालच्या टप्प्याला दहा आहेत, बिल्डरला जमिनीचं माप साधलं नाही म्हणून. हे नानाला माहीत नव्हतं. तो वर आला तेव्हा मोकळाच होता. रिकामी खुर्ची तो वजनात धरायचा नाही.

शेवटच्या वळणावर आम्ही खुर्ची टेकवली. नानाला धाप लागली होती. पंचाहत्तरीचा माणूस. मालननं त्याच्याकडे बघितलं. म्हणाली, "नाना, आता सांगा यांना. मी काही हा जिना परत चढायची नाही."

"ताई, आता कशाला..."

"मग मी सांगते." आणि माझ्याकडे न बघता, समोरच्या भिंतीकडे बघत ती म्हणाली, "सतराच म्हणाले होते ते. तिसऱ्या दिवशी घरी येऊन रडले माझ्यापाशी. म्हणाले, ताई, तू सांग, उद्या साहेबाकडं जातो. मीच म्हटलं जाऊ नका."

मी म्हटलं, "का?"

"तुमची पाठ. डॉक्टर म्हणाले होते, अजून वर्षभर उचललं तर वाकलेलेच राहाल. तुम्ही ऐकणार होता का माझं? मला तुम्ही सरळ चालणारे हवे होते."

"आणि मी भिंतीपासून उलटा चालायचो, ते?"

ती म्हणाली, "बघत होते ना मी. रोज बघत होते."

नाना खाली बघत उभा होता. म्हणाला, "दाजी, सुनंदाचं लगीन ठरलं हुतं तवा. भ्यालो मी." बास. एवढंच.

खालून ॲम्ब्युलन्सवाला ओरडला, "काका, किती वेळ?"

आम्ही खुर्ची उचलली. मी मोजायला लागलो. एक. दोन. माझा आवाज मलाच कोणा परक्याचा वाटत होता. आजी आठवल्या, त्यांच्या पायातले मोजे आठवले. सात. आठ. नऊ. आणि मी गप्प झालो. मुद्दाम गप्प झालो. खोटं कशाला लिहू. खुर्चीत मालन होती हे मला कळत होतं, तरी गप्प झालो.

नानानं पाय मागे नेला, सपाट जमिनीवर टाकतात तसा.

"अजून एक हाय, नाना," मालन म्हणाली.

त्याचा पाय तिथंच हवेत थांबला. त्यानं मान वर करून माझ्याकडे बघितलं. आयुष्यभर त्यानं मला वर उलटं चालताना बघितलं होतं, मी त्याला असं पहिल्यांदा बघत होतो. मग त्यानं पाय हळूच चाचपत खाली नेला. दहावी सापडली. आम्ही टेकवलं.

मालनला गाडीत घेतलं, मी तिच्याजवळ बसलो, तिचा हात हातात घेतला. आठ दिवसांनी ती दवाखान्यातच गेली. दहाव्याला नाना आला तेव्हा मी घरात बसून राहिलो, बाहेर आलो नाही. तो थोडा वेळ थांबून गेला म्हणे. त्याच्या मयताला पण मी गेलो नाही. म्हणून मी त्याला शेवटचं बघितलं ते त्या सकाळीच.

गाडीच्या मागच्या काचेतून दिसत होता. त्यानं खुर्ची मिटली, पंच्यानं तिच्या मुठी पुसल्या. गाडी हलली तसा रस्त्याच्या मधोमध येऊन त्यानं हात वर केला, विमानाला करायचा तसा. पाठीमागून टँकरवाला हॉर्न देत होता, तरी हात खाली नाही. मी तोंड फिरवलं.

मालननं माझ्या हातातून आपला हात सोडवून घेतला. तो उचलायला तिला किती जड गेलं ते मी बघितलं. काचेकडे वर धरला, आणि गाडी वळेपर्यंत तसाच धरून ठेवला.